लाईट गेली म्हणजे मशीन बंद झालं, असं नसतं

गेले चार वीकेंड इथे काही लिहिलं नाही. एक-दोघांनी मेल टाकून विचारलं, "काय राव, रिलीज आहे का प्रोजेक्टवर?" रिलीज वगैरे काही नव्हती. गावी होतो, औशाला. परत आल्यावरही लिहावंसं वाटत नव्हतं, कारण जे लिहायचं होतं त्यात मी स्वतः फार चांगला दिसत नाही. पण आता लिहूनच टाकतो.

आमच्या घरी सात जनावरं आहेत. त्यात एक देवणी गाय, आण्णांची लाडकी. घरचं रान आता बहुतेक सोयाबीनखाली. आमच्या भागात सगळीकडेच तसं झालंय. सोयाबीनचे पैसे होतात, पण त्याच्या भुसकटाला काही कडब्याची सर नाही. ज्वारी कमी झाली तसा कडबा महाग झाला, आणि महाग कडबा कोणी अख्खा टाकत नाही. अख्खी पेंडी गव्हाणीत टाकली तर जनावरं पानं खातात आणि धाटं तुडवतात. बारीक कुट्टी केली की सगळंच पोटात जातं. दुष्काळात चारा छावण्या बघितलेल्या माणसाला ही बचत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आलं हे सगळ्या देशाला माहीत झालं; त्या वर्षी वैरणीचे काय हाल होते ते ज्याच्या दावणीला जनावर होतं त्यालाच माहीत.

तर दोन दिवाळ्यांपूर्वी आम्ही विजेवरचं कडबा कुट्टी मशीन घेतलं. दोन एचपीची सिंगल फेज मोटर, पट्ट्यावर फिरणारं मोठं चाक, चाकाला दोन पाती, आणि कडबा आत ओढणारे दोन दातेरी रोलर. मशीन आलं तेव्हा मी सुट्टीवर होतो. जोडणी अर्थातच "आपल्या इंजिनिअर साहेबांनी" करायची. माझी पदवी इलेक्ट्रिकलची आणि पोट आयटीवर, हे इथे नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहेच :-) मी घरातून एक वायर काढली, गोठ्यात फळीवर सॉकेट आणि साधा स्विच बसवला, प्लग खोचला, बटण दाबलं. चाक फिरलं. आईने मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, मी फोटो काढले आणि पुण्याला निघून आलो.

या फेब्रुवारीत एका संध्याकाळी मामा कुट्टी करत होते. मामा म्हणजे आमच्याकडचे सालगडी. मी पाचवीत असल्यापासून दर पाडव्याला त्यांचं साल आमच्याकडेच ठरतं, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. ओलसर धाटं रोलरमध्ये अडकली आणि त्याच वेळी लाईट गेली. चाक थांबलं. अंधार पडत होता, जनावरं हंबरत होती. मामांनी विचार केला, लाईट नाहीच तर तेवढ्यात अडकलेलं काढून घेऊ. हात घालून धाटं ओढली. धाटं निघाली, चाक मोकळं झालं, आणि लाईट आली.

उजव्या हाताच्या दोन बोटांची दोन-दोन पेरं गेली.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरच्या दवाखान्यात पोचलो. मामा पट्टी बांधलेला हात छातीशी धरून बसले होते. मला बघून म्हणाले, "लाईट गेल्ती दादा. मला वाटलं बंद हाय. माजंच ध्यान नव्हतं." आण्णाही बाहेर व्हरांड्यात तेच म्हणाले, "लक्ष द्यायला पाहिजे होतं त्यानं." दवाखान्यात येणारा प्रत्येक जण हेच वाक्य बोलून जात होता. आणि मी खाली मान घालून उभा होतो. कारण खरं काय झालं होतं ते त्या जागेवर फक्त मला माहीत होतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मशीन्सच्या लॅबमध्ये आम्ही मोटर स्टार्टर जोडला होता. हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल कॉन्टॅक्ट धरून ठेवते. वीज गेली की कॉइल सोडून देते. वीज परत आली तरी मोटर आपोआप चालू होत नाही, कोणीतरी येऊन पुन्हा हिरवं बटण दाबावं लागतं. याला नो-व्होल्ट प्रोटेक्शन म्हणतात. तोंडी परीक्षेला मला हाच प्रश्न आला होता आणि मी धडाधड उत्तर दिलं होतं. मास्तर खूश झाले होते. आणि त्याच मी माझ्या घरच्या गोठ्यात, दिवसातून चारदा लाईट जाणाऱ्या गावात, दोन धारदार पात्यांच्या मशीनला पंख्याचा स्विच लावून दिला! साध्या स्विचला वीज गेली काय आणि आली काय, काही कळत नाही. तो चालूच असतो. मशीन थांबलेलं दिसत होतं, पण ते बंद नव्हतं.

आपल्याकडे "लाईट गेली" आणि "बंद केलं" हे दोन्ही एकच समजलं जातं. वर बोअरच्या स्टार्टरला लोक हौसेने ऑटो स्विच लावतात, म्हणजे रात्री-अपरात्री लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. शेतकऱ्याची झोप वाचते, ठीक आहे. पण तीच सवय, तीच समजूत कुट्टी मशीनपर्यंत येते आणि तिथे ती हात मागते.

आता "लक्ष नव्हतं" याबद्दल. परत आल्यावर मी कागद घेऊन साधं गणित केलं. आमच्या मोटरचा वेग मिनिटाला साधारण १४४० फेरे. मोटरची पुली तीन इंची, चाकाची बारा इंची, म्हणजे चाक मिनिटाला ३६० फेरे फिरतं, सेकंदाला ६. पाती दोन, म्हणजे सेकंदाला १२ काप. एका कापाला रोलर साधारण २ सेंटिमीटर कडबा पुढे ढकलतो, म्हणजे सेकंदाला २४ सेंटिमीटर. काहीतरी चुकतंय हे माणसाच्या डोक्यात येऊन हात मागे घ्यायला कमीत कमी पाव सेकंद लागतो. पाव सेकंदात रोलर ६ सेंटिमीटर आत ओढतो. आपल्या बोटाची लांबी बघा एकदा. म्हणजे ध्यान असलेल्या माणसाचंही बोट जातं. कितीही दक्ष असू दे, त्याला वेळच मिळत नाही.

आणखी एक मोजलं. मशीन बंद केल्यावर चाक पूर्ण थांबायला किती वेळ लागतो? मोबाईल लावून बघितलं, १९ सेकंद. तेवढ्यात पाती शंभरावर वेळा फिरून जातात. म्हणजे "बटण बंद केलं की हात घालायला हरकत नाही" हेही खोटं.

पुण्याला आमच्या ऑफिसच्या आवारात हिरवळ आहे. तिच्यावर माळीकाका विजेचं मोअर फिरवतात. परवा चहाच्या वेळेला मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बघितलं. मुठीजवळ एक दांडी आहे. ती दाबून धरल्याशिवाय मोअर चालत नाही. चालू करताना दांडीबरोबर एक वेगळं बटणही दाबावं लागतं, म्हणजे चुकून धक्का लागून चालू व्हायला नको. हात सोडला की पातं थांबतं. लाईट जाऊन आली तरी ते आपोआप फिरत नाही, कारण सगळं पुन्हा दाबावं लागतं. काका म्हणाले, "याला काय होतंय साहेब, सोडलं की बंद."

ही त्या कंपनीची मेहेरबानी नाही. अमेरिकेत ३० जून १९८२ नंतर बनलेल्या, माणसाने मागून चालत ढकलायच्या मोअरवर सक्ती आहे, की मूठ सोडल्यापासून तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. तिथेही आधी लोकांची बोटं जातच होती आणि तिथेही लोक "लक्ष नव्हतं" म्हणतच असतील. पण सरकारने माणसांना उपदेश करायच्या ऐवजी मशीनला नियम लावला.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. मळणी यंत्रात हात जाण्याचे अपघात फार व्हायला लागले होते म्हणून. त्यात धोकादायक यंत्र म्हणजे मळणी यंत्र आणि केंद्र सरकार ठरवेल ती शेतीतली इतर यंत्रं. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला परवाना हवा, असंही त्यात आहे. मळणी यंत्राचं तोंड किती लांब असावं याचं भारतीय मानकही आहे: घास घालायची पन्हळ निदान ९०० मिलिमीटर, त्यातली ४५० वरून झाकलेली. हेतू एवढाच की हात लांब केला तरी आतल्या ड्रमपर्यंत पोचू नये. कुट्टी यंत्रासाठीसुद्धा मानकं आहेत. दिल्ली आयआयटीचे दिनेश मोहन (ते २०२१ मध्ये गेले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेतल्या खेड्यांमध्ये जाऊन कुट्टी यंत्रांच्या अपघातांवर काम केलं. जखमी होणाऱ्यांमध्ये लहान पोरं पुष्कळ होती. त्यांनी सुचवलेले उपायही साधेच: पात्यांवर झाकण, रोलरच्या आधी हाताला जाणवेल असा एक इशाऱ्याचा रोलर, आणि काम नसताना चाक अडकवून ठेवायची खीळ. यात रॉकेट सायन्स काहीही नाही, गावातला वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देईल.

म्हणजे ज्ञान आहे, कायदा आहे, मानक आहे. आणि आमच्या गोठ्यात होता पंख्याचा स्विच.

आमच्या मशीनबरोबर पात्यांवरचं पत्र्याचं झाकण आलं होतं, हेही सांगतो. पहिल्याच महिन्यात ते काढून भिंतीला टेकवून ठेवलं, कारण धार लावताना दर वेळी चार नट सोडायचा कंटाळा. ते काढलं तेव्हा फोनवर मला विचारलं होतं आणि मी "काढा, काही होत नाही" म्हणालो होतो.

आता पैशांचं. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, २०२३ पासून या रूपात. अपघाती मृत्यूला २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाला तर १ लाख. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. सातबारा आण्णांच्या नावावर. म्हणजे आण्णांना ती लागू, मी नाव लावलं तर पुण्यात एसीत बसणाऱ्या मलाही लागू. मशीनपुढे रोज उभ्या राहणाऱ्या मामांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांना लागू नाही. दुसरीकडे, कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ चा जुना कायदा होता (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला), त्याच्या यादीत विजेवरच्या साधनांनी चालणारी शेती धरलेली होती. म्हणजे जबाबदारी मालकाची. मालक म्हणजे आम्ही. आण्णांशी यावर दोन रात्री वाद झाला. "दवाखान्याचा खर्च केला की आपण," ते म्हणाले. केला, खरंय. पण तो उपकार म्हणून केला असं त्यांना वाटत होतं, आणि मला ते देणं वाटत होतं. शेवटी आईने मिटवलं. काय ठरलं ते घरातलं आहे, इथे लिहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मशीन घेणारा एक, जोडणारा दुसरा आणि चालवणारा तिसरा, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. घेणारा किंमत बघतो, जोडणारा वायर वाचवतो, आणि बोटं तिसऱ्याची असतात. तिसरा बहुतेक वेळा सालगडी असतो, नाहीतर घरातली बाई. ऑफिसमध्ये प्रॉडक्शनला काही पडलं तर आपण "कोणाचं लक्ष नव्हतं" यावर थांबत नाही. एका माणसाच्या एका चुकीने सगळं पडू शकतंच कसं, हे विचारतो. माणसाचं लक्ष जाणारच, संध्याकाळी, भुकेच्या वेळी, पोराचा फोन आला की जाणारच. ते धरूनच मशीन बसवायला पाहिजे. शनिवार-रविवारी गावी जाऊन घरच्यांना वायफाय लावून देणाऱ्या आपल्या पिढीला हे नाही कळणार तर कोणाला कळणार?

मार्चमध्ये पुन्हा गेलो आणि जे दोन वर्षांपूर्वी करायचं ते केलं. उपयोग होईल म्हणून यादी देतो.

१. स्टार्टर. साधा स्विच काढून हिरवं-लाल बटणवाला स्टार्टर बसवला, ओव्हरलोड रिलेसकट. लाईट जाऊन आली तरी मशीन गप्प. लाल बटण मोठं, कडबा घालणाऱ्याच्या डाव्या हाताला, न वाकता दाबता येईल असं. कुट्टी मशीनला ऑटो स्विच कधीही लावू नका.

२. शॉकचं. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो बसवला, मशीनच्या सांगाड्याला वेगळं अर्थिंग केलं. गोठ्यात ओल असतेच, पाय शेणामुतात असतात, तिथे हे नसेल तर मशीनला हात लावायलाही मी आता सांगणार नाही.

३. वायर. दोन एचपीची मोटर पूर्ण लोडला १० अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. मोबाईल चार्जरच्या बोर्डावरून, पातळ एक्स्टेंशनवरून ती चालवायची नाही. व्होल्टेज कमी असेल तेव्हा मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. मोटर गुरगुरत असेल तर बंद करा, "होईल सुरू" म्हणून वाट बघू नका.

४. तोंड. घास घालायची पन्हळ पत्रा लावून लांब केली आणि वरून झाकली. मळणी यंत्राचंच माप घेतलं. आता हात पूर्ण घातला तरी रोलरला पोचत नाही. शेवटचा तुकडा ढकलायला लाकडी दांडा दोरीने तिथेच बांधला आहे.

५. पाती. बोथट पात्याने धाट कापलं जात नाही, वाकतं आणि अडकतं. अडकलं की हात जातो. म्हणून धार हीसुद्धा सुरक्षाच आहे. पातं आणि समोरची स्थिर पट्टी यांच्यात जाड कागद जेमतेम जाईल एवढीच फट ठेवायची. दोन्ही पाती बरोबरच काढायची, बरोबरच लावायची, बोल्ट घट्ट, आणि सुरू करण्याआधी चाक एकदा हाताने फिरवून बघायचं. आणि हे सगळं प्लग काढून, तो प्लग आपल्या खिशात दिसेल असा ठेवून.

६. झाकण. परत बसवलं. नटांच्या जागी पान्याशिवाय न निघणारे बोल्ट टाकले, म्हणजे कंटाळ्याने काढणाऱ्याला आणखी कंटाळा यावा.

७. काम झालं की चाकात खीळ आणि स्टार्टरच्या डबीला कुलूप. पोरं गोठ्यात खेळतात. पदर खोचलेला, उपरणं बाजूला, लांब बाह्या दुमडलेल्या. हातमोजे नकोत, रोलर ते आधी पकडतो.

८. आणि तरीही झालंच तर. जखम दाबून धरा, हात वर ठेवा, १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फात टाकायचं नाही. आमच्याकडे त्या संध्याकाळी हे कोणालाच माहीत नव्हतं.

सगळं मिळून सहा हजारांच्या आसपास गेले. माझ्या फोनचा एक हप्ता.

"एवढं करत बसलं तर काम कधी व्हायचं?" असं भावकीतल्या एका काकांनी विचारलंच. रास्त प्रश्न आहे. लांब तोंडामुळे वेळ थोडा जास्त जातो. मामांनीच सांगितलं, आधी अर्धा तास लागायचा, आता पाच-सात मिनिटं वाढली. दुसरे एक जण म्हणाले, "आम्ही जन्मभर विळ्यावर तोडलं, काय झालं नाही." विळ्यावर बोट कापलं की विळा थांबतो, कारण तो आपल्याच हाताने चालत असतो. मोटरला बोट आणि धाट यातला फरक कळत नाही.

कुट्टी यंत्राला सरकार महाडीबीटीवरून अनुदान देतं. चांगली गोष्ट आहे. मग त्याच अनुदानात स्टार्टर, झाकलेलं तोंड आणि चाकाची खीळ धरा, आणि ती नसतील तर पैसे देऊ नका. दुकानदाराला बरोबर जमेल. आज तो मोटर किती एचपीची एवढंच सांगतो, कारण आपण तेवढंच विचारतो.

मामांनी पाडव्याला साल पुन्हा आमच्याकडेच धरलं. मी म्हणालो, मामा, कुट्टीचं काम दुसऱ्या कोणाला देऊ. म्हणाले, "दुसऱ्याची बोटं काय फुकटची हायती का?" आणि मग स्टार्टरजवळ येऊन मला म्हणाले, दाखव बरं, लाईट गेली की काय होतं. मी मेन पाडला. चाक थांबलं. मेन परत उचलला. चाक हललं नाही. त्यांनी तीनदा करून बघितलं.

असो. पुढच्या लाँग वीकेंडला गावी जाल, तेव्हा गोठ्यात एक चक्कर मारा आणि कुट्टी मशीन कशावर जोडलंय ते बघा. मशीन चालू असताना मेन पाडून पुन्हा उचला. ते आपोआप फिरायला लागलं, तर त्याच दिवशी तालुक्याला जाऊन स्टार्टर आणा.